दारांचे क्रमांक



‘पोर्ट-क्रमांकांची आखणी’ हा विषय वाचून आम्ही गोदीविषयी बोलणार, असे काहींना वाटले असेल. पण ही पोर्टे सर्व्हरची आहेत. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. पत्ता एकच, बिऱ्हाडे अनेक; पोस्टमनला वाडा सापडून भागत नाही, खोलीचा क्रमांकही लागतो. यंत्राचा पत्ता हा वाडा, आणि पोर्ट हा खोलीचा क्रमांक.

हे क्रमांक ० ते ६५५३५ असतात. १०२३ पर्यंतचे सर्वमान्य सेवांचे: टपालाला २५, वेबला ८०, सुरक्षित वेबला ४४३. तेथून ४९१५१ पर्यंतचे नोंदणीचे, आणि उरलेले तात्पुरत्या वापराचे. ही शिस्त आपोआप आली नाही. हे क्रमांक एका माणसाने वाटावेत, अशी सूचना १९७२ साली जॉन पोस्टेल यांनी केली, आणि १९९८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी सहकाऱ्यांसह ती वही सांभाळली. १९९५ साली फिनलंडच्या टाटू युलोनेन यांना आपल्या एसएसएचसाठी २२ हा क्रमांक हवा होता. २१ आणि २३ यांच्यामधली ती खोली रिकामीच होती. तरी त्यांनी ती रीतसर मागून घेतली.

आमच्या हातून मात्र तसे झाले नाही. एका कार्यालयातील सर्व्हरवर आम्ही एका सेवेला ४०००० हा क्रमांक दिला; का, तर तो लक्षात राहायला सोपा! लिनक्स सामान्यतः ३२७६८ ते ६०९९९ हे क्रमांक बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना तात्पुरते देते, याचा आम्ही विचारच केला नाही. कित्येक महिने सुरळीत गेले. एका रात्री यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि आमची सेवा जागी होण्यापूर्वीच दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या जोडणीने ती खोली बळकावली. कारण शोधता शोधता उजाडले. खिडकीपाशी लोकांची रांग लागली होती, आणि कोणती सेवा कोणत्या दारी बसते याचा कागद आमच्यापाशी नव्हता. सारे एका सहकाऱ्याच्या डोक्यात होते, आणि तो गावाला गेला होता.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. कायमच्या सेवा ३२७६८ च्या खाली ठेवाव्यात. प्रत्येक घटकाला दहा-दहा क्रमांकांचा पट्टा द्यावा, म्हणजे उद्या घटक वाढला तरी शेजारी भांडण होत नाही. टॉमकॅट आणि जेन्किन्स दोघेही मुळात ८०८० च मागतात. एकाच यंत्रावर दोघांना ठेवायचे तर एकाचे बिऱ्हाड आधीच हलवावे. चाचणीच्या आणि प्रत्यक्ष यंत्रावर क्रमांक एकच असावेत. आणि तक्ता लिहावा: क्रमांक, सेवा, जबाबदार माणूस, आत कोणाला येऊ द्यायचे. फायरवॉलची दारे त्या तक्त्यावरूनच उघडावीत. तक्त्यात नाही ते दार बंद.

मंडळी, क्रमांक निवडायला क्षण पुरतो. तो लिहून ठेवण्याचा कंटाळा केला, की त्याची किंमत रांगेत उभ्या असलेल्या माणसाला द्यावी लागते. त्याचा त्यात काय दोष? एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.