हप्ता, पगार आणि अनण सुख

(विहाराच्या वर्धापनदिनी मेडशी येथे केलेले भाषण)

 

समितीने आम्हाला ‘धम्म आणि संसार’ या विषयावर बोलायला सांगितले. आम्ही काही पंडित नाही. शिक्षण नववी नापास, बाकीचे जे काही वाचले ते मिलच्या रातपाळीत. त्यामुळे संसारातली जी गोष्ट आपल्या वस्तीत घरोघर आहे, पण विहारात कोणी तोंडातून काढत नाही, तीच बोलतो. ती गोष्ट म्हणजे हप्ता.

मागच्या वर्षावासात आपल्यातली एक ताई वंदनेला येईनाशी झाली. आजारी असेल म्हणून आम्ही घरी गेलो. तर ती म्हणाली, “भाऊ, तिथं गटातल्या साऱ्या बाया असतात. माहे दोन हप्ते थकले, ते त्यायनं भरले. आता कोन्या तोंडानं येऊ?” कागद पाहिले तर तीन कंपन्यांचे कर्ज. पहिले नवऱ्याच्या दुखण्यासाठी, दुसरे पहिल्याचा हप्ता भरायला, तिसरे दुसऱ्याचा. महिन्याचे हप्ते सात हजार चारशे आणि घरातली दोघांची मजुरी, चांगला महिना असेल तर, नऊ हजार. उरलेल्या सोळाशेत चार माणसे कशी खातात, हे आम्ही विचारले नाही. चुलीकडे पाहून कळत होते.

आता कोणी म्हणेल, हा विषय विहारात कशाला? तर भगवंतांनीच तो काढला आहे. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: कष्टाने मिळवलेले जवळ असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, कोणाचे देणे नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. तिसऱ्याला पालीत अनण सुख म्हणतात. त्याच निकायात इण सुत्त आहे. त्यात गरीब माणूस कर्ज काढतो, मग व्याज, मग तगादा, मग मागे लागणे आणि शेवटी बंधन, अशी पायरीपायरीने दुःखे सांगितली आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आणि त्या ताईच्या घरातली हकिगत आम्ही शेजारी ठेवून पाहिली. एक पायरीसुद्धा वगळावी लागली नाही. संघात प्रवेश घेणाऱ्यालाही विचारत, तू कोणाचा ऋणी तर नाहीस ना? भगवंतांना कर्जदाराचा तिटकारा होता, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. देणे डोक्यावर असलेला माणूस मोकळ्या मनाने काही करू शकत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आणि कर्ज काढले म्हणजे माणूस नालायक झाला, असेही नाही. १९२० साली लंडनला शिक्षण पुरे करायला जाताना बाबासाहेबांनी आपले मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले होते. फरक एवढाच की तो मित्र होता.

आम्ही मिल कामगार. आमच्या जातकुळीचा इतिहास सांगतो. मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकावर पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन उभा राहत असे. कामगार पगार घेऊन बाहेर आला की आधी पठाणाचे व्याज, मग वाण्याची उधारी, मग घर. इंग्रज सरकारने मजुरांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात लिहिले आहे की बहुतेक औद्योगिक गावांत दोन तृतीयांशाहून कमी कामगार कर्जात नाहीत आणि पुष्कळांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. रुपयाला महिना एक आणा, हा नेहमीचा दर. म्हणजे वर्षाला शेकडा पंच्याहत्तर. त्याच्याही आधी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराचे दस्तऐवज जाळले आणि सरकारला १८७९ साली कायदा करावा लागला. आपल्याकडे सवाई-दीडीने धान्य नेणारी पिढी अजून जिवंत आहे.

आज फाटकावर पठाण नाही. तो खिशातल्या मोबाईलमध्ये आला आहे. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मिल बंद पडली. ठेकेदाराने उचल द्यायलाही नकार दिला. आमच्या मुलाने आम्हाला न विचारता मोबाईलवरून कर्ज घेतले. मंजूर पाच हजार, हातात पडले तीन हजार, सातव्या दिवशी परत पाच हजार. हिशेब करा. तीन हजारावर आठवड्याला दोन हजार व्याज. वर्षाच्या हिशेबाने शेकडा साडेतीन हजाराच्या आसपास. गावचा सावकार यापुढे साधू वाटावा! ते फेडायला पोराने दुसऱ्या ॲपवरून घेतले, मग तिसऱ्या. शेवटी त्याच्या मोबाईलमधले सगळे नंबर त्यांनी काढले आणि नातेवाइकांना, मिलच्या मुकादमाला, अगदी सोयरीक चालू होती त्या घरालाही घाणेरडे फोटो जोडून संदेश पाठवले. सोयरीक मोडली. आम्ही दोन महिने विहारात आलो नाही. आज त्या ताईला ‘का येत नाही’ म्हणून विचारायला गेलेले आम्ही, तेव्हा आम्हीही तेच करत होतो.

त्यातून सुटलो कसे? आधी मुलाला मारायला हात उचलला होता, तो त्याच्या आईने धरला, हे बरे झाले. मग आम्हीच एकेकाला फोन करून सांगितले, की असे असे झाले आहे, तुम्हाला संदेश येईल, लक्ष देऊ नका. सगळ्यांना आपणच सांगून टाकले की धमकीत दम राहत नाही. संदेशांचे फोटो काढून पोलिसांत तक्रार दिली. आणि नवे कर्ज घेऊन जुने फेडणे त्या दिवशी बंद केले. काही आठवडे फोन येत राहिले, मग थांबले. आज अशा छळासाठी १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियमही केले: कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे, एकूण खर्च किती ते आधी लेखी सांगितले पाहिजे, आणि ॲपने मोबाईलमधले नंबर व फोटो बघायचे नाहीत. जे ॲप हे मागते ते कर्ज घेऊच नका.

आता ज्यांचे हप्ते थकले आहेत त्यांच्यासाठी. पहिल्यांदा एका वहीत सगळे लिहा. कोणाचे किती, हप्ता किती, कोणत्या तारखेला. नवऱ्याने बायकोपासून आणि बायकोने नवऱ्यापासून लपवलेलेही. आमच्या अनुभवाने ही सर्वांत अवघड गोष्ट आहे, पुढचे सोपे आहे. पगार झाल्यावर आधी धान्य, औषध, लाईटबिल, पोरांची फी. उरेल ते देणेकऱ्यांत वाटायचे, जो जास्त ओरडतो त्याला सगळे द्यायचे नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. आपल्याकडे चौथा भाग शिल्लक टाकायला उरत नाही हे खरे, पण भाग पाडायची सवय तरी लागू द्या.

मग कंपनीला लेखी अर्ज करा: आमची मिळकत एवढी, एवढाच हप्ता देऊ शकतो, मुदत वाढवून द्या. अर्जाची पोच घ्या. खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची संमती दिली असेल आणि खाते रिकामे असेल, तर प्रत्येक वेळी बँक वेगळा दंड लावते. तेव्हा ती संमती थांबवण्याचा अर्ज बँकेला द्या आणि त्याची प्रत कंपनीला. पण गप्प बसू नका. चेक परत गेला किंवा असा हप्ता परत गेला तर कायद्याने खटला होऊ शकतो. कोर्टाची नोटीस आली तर ती चुलीत घालायची नाही. कोरा चेक, कोरा स्टॅम्प पेपर कोणालाही द्यायचा नाही.

वसुलीवाला म्हणतो, ‘जेलात टाकीन.’ नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस कोणाला उचलत नाहीत. कोर्टाचा हुकूम झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे भांडीकुंडी, अंथरूण, अंगावरचे कपडे, कारागिराची अवजारे, मजुराची मजुरी यांवर जप्ती येत नाही. गटाच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. घराच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम सगळ्या कर्जांच्या हप्त्यांत जाता कामा नये. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा नाही, शिवीगाळ नाही. त्या ताईच्या नऊ हजारांची निमपट साडेचार हजार. मग सात हजार चारशेचे हप्ते होईपर्यंत कर्ज दिले कोणी? हा प्रश्न आम्ही अर्जात लिहिला. दोन कंपन्यांनी मुदत वाढवून हप्ता उतरवला. तिसरीने उत्तर दिले नाही. कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ वर माहिती मिळते. ती तक्रार आम्ही केली आहे, निकाल यायचा आहे.

गटातल्या ज्या बायांनी तिचे हप्ते भरले, त्यांच्याबद्दल वस्तीत वाईट बोलले गेले. ते चूक आहे. त्यांनीही पोटाला चिमटा घेऊन भरले. आमचे मत असे की कंपनीच्या आधी त्यांचे पैसे फिटले पाहिजेत, आणि ताई तसेच करते आहे. दर आठवड्याला शंभर.

गावच्या खाजगी सावकाराचा दरवाजा वेगळा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना लागतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला शेकडा नऊ, विनातारण बारा. इतरांना पंधरा आणि अठरा, असे दर सरकारने २०१४ मध्ये ठरवले. आपल्याकडे महिन्याला शेकडा पाच आणि दहा चालतो. सावकारीत शेत, घर लिहून घेतले असेल तर पंधरा वर्षांच्या आतले परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे वाशिमला अर्ज करता येतो. सहाय्यक निबंधकाचे कार्यालय मालेगावला आहे (आपल्या मालेगावला, नाशिकच्या नव्हे, एक जण खरेच विचारत होता).

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, मिळकत न पाहता, मोफत वकील मिळतो. १९९० साली दुरुस्ती होऊन आपण बौद्धही त्यात आलो. फोन १५१००. जातीचा दाखला जवळ ठेवा.

तरुणांनो, तुम्हाला राग येईल, पण हप्त्यावर मोटरसायकल आणि उधारीवर डीजे या दोन गोष्टींवर आम्हाला एकदा वेगळे बोलायचे आहे. आज नाही.

समितीची परवानगी घेतली आहे. पुढच्या पौर्णिमेपासून वंदना झाल्यावर तासभर आम्ही विहाराच्या ओट्यावर बसणार आहोत. पासबुक, कर्जाचे कार्ड, मोबाईल घेऊन या. कागदांच्या झेरॉक्स आणा, मूळ कागद कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. ज्यांना चारचौघांत नको असेल त्यांनी निरोप द्यावा, रातपाळी नसेल त्या दिवशी आम्ही घरी येऊ. ती ताईही बसणार आहे, अर्ज कसा लिहायचा ते आता तिला आमच्यापेक्षा चांगले जमते.

जयभीम! नमो बुद्धाय!