संगणकीय सूचनाफलक आणि गावाचा प्रश्न
(शिक्षक, पंचायतींचे पदाधिकारी व ग्रामस्थ यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा पाठ)



गावात वार्ता पोचविण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे दवंडी. बालाघाट जिल्ह्यातील लांजी परिसरात कोटवाराची मुनादी लहानथोरांच्या परिचयाची आहे. मुनादी ऐकण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. परंतु मुनादीला उलट प्रश्न विचारता येत नाही. पुढे शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर सूचनाफलक आला. तो दिवसभर जागेवर राहतो, पण ज्याला वाचता येते त्याच्याशीच बोलतो. संगणकीय सूचनाफलक ही याच मार्गावरील पुढची पायरी होय. त्यावर सूचना लावता येते, आणि वाचणाऱ्याला तिच्याखाली आपला प्रश्नही मांडता येतो. मात्र तो प्रश्न अनुत्तरित राहिला तर नवा फलक जुन्या भिंतीहून वेगळा ठरत नाही. म्हणून शाळांनी व मंडळांनी फलकाचे साधन निवडण्यापूर्वी उत्तर देणारी व्यक्ती निवडावी.

फलकाची वाटचाल

या कल्पनेचा इतिहास बोधप्रद आहे. 1973 साली अमेरिकेतील बर्कले शहरात ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानात संगणकाला जोडलेले टंकयंत्र ठेवण्यात आले. वादक व विद्यार्थी ज्या लाकडी फलकावर आपल्या चिठ्ठ्या लावीत, त्याच्या शेजारीच ते ठेवले होते. नवख्या माणसाला यंत्र कसे वापरावे हे दाखविण्यासाठी जवळ एक सहायक असे. 1978 च्या फेब्रुवारीत शिकागो येथे वॉर्ड ख्रिस्तेन्सन व रँडी सुएस यांनी दूरध्वनीच्या तारेवरून चालणारा संगणकीय फलक सुरू केला. एका वेळी एकालाच त्यावर प्रवेश मिळे. तरीही त्यांच्या मंडळातील सभासदांना घरबसल्या निरोप ठेवता येऊ लागले.

मध्यप्रदेशातही असा प्रयत्न लवकर झाला. जानेवारी 2000 मध्ये धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' योजना सुरू झाली. गावोगावच्या सूचनालयांतून शेतमालाचे बाजारभाव कळावेत, जमिनीच्या नोंदींची प्रत मिळावी आणि तक्रार नोंदविता यावी, अशी व्यवस्था होती. सूचनालय चालविण्याचे काम स्थानिक सुशिक्षित तरुणांकडे होते. त्याच वर्षी योजनेला स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला. तथापि पुढे झालेल्या पाहण्यांत वीज व जोडणी यांच्या अडचणी दिसून आल्या, आणि सर्वांत गरीब कुटुंबे या केंद्रांपर्यंत फारशी पोचत नसल्याचेही आढळले. यंत्र गावात आले म्हणजे ते गावाचे झाले असे नव्हे, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

आवाजाचा फलक

दुसरा प्रयोग मध्य गोंडवनातील आहे. 2010 साली पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने 'सीजीनेट स्वर' हा उपक्रम सुरू झाला. साध्या भ्रमणध्वनीवरून क्रमांक लावावा, आपला निरोप बोलून ठेवावा किंवा इतरांचे निरोप ऐकावेत, अशी त्याची रचना. आलेला निरोप तपासून मगच तो सर्वांसाठी खुला केला जाई. बुजलेला हातपंप, थकलेली रोजगार हमीची मजुरी, शिधावाटपातील दिरंगाई अशा गोष्टी लोक आपल्या बोलीत सांगत. अनेक निरोपांच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांक दिलेला असे. ऐकणारी माणसे त्या अधिकाऱ्याला दूरध्वनी करीत, आणि कित्येक कामे अशा रीतीने मार्गी लागली. अक्षरओळख नसलेला माणूसही येथे केवळ श्रोता उरला नाही. तो वार्ता देणारा झाला.

लांजीची परिस्थिती

लांजी परिसराच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. 1956 पर्यंत हा भाग ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. सीमा बदलली, घरातील बोली बदलली नाही. या पट्ट्यात पोवारी, गोंडी, मराठी व हिंदी यांचा शेजार आहे. केवळ कार्यालयीन हिंदीत लिहिलेली सूचना आजीला आपल्या नातवाकडून समजावून घ्यावी लागत असेल, तर तो फलक अपुरा होय.

2020 च्या टाळेबंदीत मध्यप्रदेश शासनाने आकाशवाणीवरून 'रेडिओ स्कूल' चालविले, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवरून पाठ पाठविले आणि पुढे मोहल्ला वर्ग भरविले. ज्या घरी स्मार्टफोन नाही, तेथे शिक्षकाचे पाऊलच उपयोगी पडते, हे त्या काळात सर्वांनी अनुभवले.

प्रयोग कसा करावा

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावयाचा आहे. याच कसोट्या शाळेच्या फलकालाही लागू पडतात. प्रयोग लहान असावा. एक शाळा, एक महिला बचत गट आणि एक पंचायत यांनी तीन महिने तो चालवावा. प्रारंभी उपस्थिती, मध्यान्ह भोजन, शिष्यवृत्ती व शिधा एवढेच विषय ठेवावेत.

उत्तर देणाऱ्याचे नाव व मुदत फलकावरच लिहावी. तो रजेवर असल्यास दुसरा कोण, हेही ठरवावे. प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवून त्यापुढे उत्तराची तारीख घालावी. लिहिता न येणाऱ्यांचे प्रश्न आवाजात स्वीकारावेत. मुलांची छायाचित्रे, गुण व दूरध्वनी क्रमांक सर्वांना दिसतील असे ठेवू नयेत. तक्रार करणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीविना प्रकट करू नये. अफवा किंवा अपशब्द काढून टाकण्याचा अधिकार एकाच व्यक्तीच्या हाती न देता दोघांच्या संमतीने वापरावा, म्हणजे अप्रिय प्रश्नच पुसले जाण्याचे भय राहणार नाही. आणि भिंतीवरचा फळा व मुनादी मुळीच बंद करू नये.

तीन महिन्यांनंतर किती सूचना लागल्या हे मोजण्यापेक्षा ती वही उघडावी. किती प्रश्न आले, कोणत्या वस्तीतून आले, किती दिवसांत उत्तर मिळाले आणि उत्तरानंतर काम झाले काय, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. ज्या टोल्यावरून एकही प्रश्न आला नाही, तेथे अडचण नाही असे समजू नये; तेथे फलक पोचला नाही असे समजावे व शिक्षक, सरपंच यांनी तेथे स्वतः जावे.

साधने बदलत राहतील. विचारणाऱ्याला ठरल्या दिवशी उत्तर मिळते हा विश्वास एकदा निर्माण झाला, तर शाळा व गाव यांतील अंतर निश्चितच कमी होईल. लांजी परिसरातील शिक्षक, पदाधिकारी व ग्रामस्थ यांनी या दृष्टीने एकत्र बसून पहिल्या वहीचे पहिले पान उघडावे.