दुष्काळ वरून कसा दिसतो?

उपग्रह म्हटलं की आपल्याला छतावरची डिश आठवते, नाहीतर मोबाइलमधला नकाशा. आज मात्र आपल्या जालना जिल्ह्याच्या दुष्काळाबद्दल बोलतो.

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड, मंठा आले. परतूर, घनसावंगी, जाफराबाद राहिले. यादीत नाव आलं की जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. म्हणजे यादी ठरते कशी, हे कळायलाच हवं.

आधी पावसाची तूट बघतात. मग पेरणीचं क्षेत्र, जमिनीतला ओलावा, भूजल वगैरे. आणि पिकांची स्थिती बघतात ती उपग्रहावरून.

हिरवं पान सूर्याचा तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. पान सुकलं की हे प्रमाण बिघडतं. आपला रिसोर्ससॅट-२ साधारण आठशे किलोमीटर उंचीवरून हे दोन्ही प्रकाश मोजतो. त्यातून एक आकडा निघतो, एनडीव्हीआय. तो मागच्या वर्षांच्या आकड्यांशी ताडून बघायचा, झालं.

पण त्याच्या एविफ्स कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे ५६ बाय ५६ मीटर. आपल्या हिशेबाने एकतीस गुंठे! तेवढ्यात तुमची कपाशी, बांधावरचं गवत आणि शेजाऱ्याने टँकरवर जगवलेली मोसंबी, सगळ्यांचा मिळून एकच आकडा. ढग आडवे आले की तोही नाही. आणि मोठी अडचण अशी, की त्याला हिरवेपणा दिसतो, बोंडं दिसत नाहीत. पाते गळालेली कपाशी वरून हिरवीच दिसणार ना?

म्हणून नियमात सत्यमापन ठेवलंय. निवडलेल्या दहा टक्के गावांत माणसं प्रत्यक्ष शेतात जाऊन पीक बघतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. तुमच्या गावात पथक आलं तर शिवारात त्यांच्याबरोबर फिरा, बोंडं मोजून दाखवा.

आणि राहिलेल्या तालुक्यांचं काय? नोव्हेंबरमध्ये सरकारने महसूल मंडळनिहाय दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. तिथे निकष होता जून ते सप्टेंबरचा पाऊस: सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. तो उपग्रहाने नाही, मंडळातल्या पर्जन्यमापकाने मोजला. आपल्या मंडळाचा पर्जन्यमापक कुठे बसवलाय, ठाऊक आहे का तुम्हाला?