मिथेन विकत घेऊ नका, वाया जाणारा पकडा

नवपदवीधरांचं आणि त्यांच्या आईवडिलांचं अभिनंदन प्रमुख पाहुण्यांनी दोन वाक्यांत आटोपलं. किण्वन अभियांत्रिकीत सारी कारकीर्द घालवलेल्या या बाई लगेच मिथेनवर आल्या आणि भाषणभर तिथेच रमल्या.

मिथेन खाऊन वाढणारा जिवाणू डच संशोधक झ्योन्गेन यांनी १९०६ साली वेगळा केला. या जिवाणूंची करामत बाईंना आजही थक्क करते. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध भलताच चिवट. रासायनिक कारखान्यात तो तोडायला वाफ आणि ८०० अंशांच्या पुढची उष्णता लागते. मिथेन मोनोऑक्सिजनेज हे विकर तेच काम कोमट पाण्यात करतं, मिथेनचं मिथेनॉल करतं. पुढे जिवाणू त्यातून प्रथिनं घडवतो. काही जाती पीएचबी नावाचं विघटनशील प्लास्टिक साठवतात, तर काही एक्टोईन, म्हणजे त्वचेच्या क्रीममध्ये वापरला जाणारा महागडा पदार्थ, बनवतात. जनुकं बदललेल्या जिवाणूकडून लॅक्टिक आम्ल काढल्याचं अमेरिकी संशोधकांनी २०१६मध्ये दाखवून दिलं.

इथे बाईंना त्यांची पहिली कंपनी आठवली. कंपनीचं नाव त्यांनी घेतलं नाही. भातखाचरांतला चिखल आणायचा, काचेच्या बाटलीत घालायचा, रबरी बूच घट्ट बसवून सिरिंजनं मिथेन सोडायचा आणि वाट बघायची. काही दिवसांनी पाणी गढुळायचं; ते ताटलीवर पसरलं की कधीकधी फिकट गुलाबी वसाहती उगवायच्या. असे कितीतरी जिवाणू त्यांच्या गटानं जमवले होते. पुढे गॅसचे भाव वाढले, प्रकल्प गुंडाळला गेला आणि फ्रीझर रिकामा करण्याचा हुकूम आला. बाईंचा आवाज इथे चढला. “फर्मेंटरची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होती, म्हणून तो वाचला. जिवाणूंची नोंद कुठेच नव्हती. ते सगळे ऑटोक्लेव्हमध्ये गेले!” पुण्यात एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह असताना एकही कुपी तिकडे पाठवायचं कुणाला सुचलं नाही, याचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. आघारकर संशोधन संस्थेनं भातशेतीतून ‘मिथायलोकुकुमिस ओरायझी’ हा नवाच जिवाणू शोधला, तेव्हा आनंद झाला आणि ती जुनी जखमही भळभळली, असं त्या म्हणाल्या.

दुसरी तक्रार आपल्याच व्यवसायाविषयी. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एका इमारतीत, अभियंते दुसऱ्या इमारतीत. खरी अडचण मात्र दोघांच्या मधोमध असते. सामान्य तापमानाला आणि दाबाला लिटरभर पाण्यात जेमतेम वीस मिलिग्रॅम मिथेन विरघळतो. जिवाणूला लागणारा ऑक्सिजनही असाच कंजूष. त्यात हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पडायचा अवकाश. बाटलीत जिवाणू वाढला म्हणजे टाकीत वाढेलच असं नाही.

नॉर्वेतल्या एका कारखान्यात नैसर्गिक वायूपासून पशुखाद्यासाठी प्रथिनं करताना आणखी एक पेच होता. वायूत थोडा इथेन आणि प्रोपेन असतो. मिथेन खाणारा जिवाणू त्यांची आम्लं करतो आणि त्या आम्लांनी स्वतःच गुदमरतो. म्हणून टाकीत ती आम्लं फस्त करणारे दुसरे जिवाणूही सोबतीला ठेवले होते. बाईंच्या मते अशी जुळणी दोन्ही इमारतींतली माणसं एका टेबलावर बसल्याशिवाय सुचत नाही.

एवढं करूनही तो कारखाना २००६मध्ये बंद झाला. त्याआधी इंग्लंडमधल्या बिलिंगहॅमला आयसीआय कंपनीनं मिथेनॉलवर वाढणाऱ्या जिवाणूंचं ‘प्रुटीन’ हे पशुखाद्य प्रचंड फर्मेंटरमध्ये बनवलं होतं. तंत्र चोख होतं. पण मिथेनॉल महागलं, सोयाबीन स्वस्त राहिलं आणि प्रुटीन टिकलं नाही.

हे सांगून बाईंनी आपला आग्रह पुन्हा पुन्हा मांडला. पाइपलाइनमधून विकत आणलेला मिथेन जिवाणूला भरवू नका. भाव चढला की धंदा बुडतो, आणि वाटेत गळती झाली तर पहिल्या वीस वर्षांत तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट तापमानवाढ करतो. कचरा डेपो, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतला स्पेंटवॉश, हे मिथेनचे साठे आपल्या दारात आहेत. त्या वायूत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, हायड्रोजन सल्फाइडही असतो. तो स्वच्छ करणं किचकट आहे. ते किचकट कामच त्यांना या पदवीधरांकडून हवं आहे.

“नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत पगाराआधी एक प्रश्न विचारा,” बाई म्हणाल्या. “तुमचा मिथेन येतो कुठून? उत्तर ‘पाइपलाइनमधून’ असं आलं, तर जवळच्या कचरा डेपोचा पत्ता त्यांच्या हातात ठेवा.”