उपचार मोफत, आजारपण कोणाच्या खर्चाने?



हुपरीत चांदीचे काम घराघरांत चालते. अशा घरात आजारपण मोजले जाते ते बुडालेल्या मजुरीने. कर्करोगावरील किरणोपचारांचा विचार ह्या बाजूने आपल्याकडे क्वचितच होतो. यंत्रे किती, खाटा किती, ह्याची चर्चा होते, आणि ती व्हावीही. पण यंत्राखाली झोपणारा माणूस काय सोसतो, हा प्रश्न मात्र घरच्यांवर सोपविला जातो.

तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचा व घशाचा कर्करोग फार. त्यावर आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे किरण दिले जातात. प्रत्येक बैठक काही मिनिटांची, आणि त्या वेळी दुखत काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मात्र तोंड आतून सोलवटते, लाळ आटते, चव जाते. भाकरी सुटते, मग भात. शेवटी पेजेचा घोटही नकोसा होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात जुलाब आणि लघवीची जळजळ. ती बाई कोणाला सांगणार? शिवाय झोपेने न जाणारा थकवा, ज्याला घरात सहज आळस म्हटले जाते. शेवटच्या बैठकीनंतरचा आठवडा-दोन आठवडे तर अनेकदा सर्वांत कठीण जातात, आणि तेव्हा रुग्ण रुग्णालयातून घरी आलेला असतो.

त्रास असह्य झाला की रुग्ण खाडे करतो. त्या खंडात उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. घशाच्या कर्करोगात वाया गेलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते. म्हणजे लक्षणांवर इलाज करणे ही दयाबुद्धी नव्हे, तो उपचाराचाच भाग होय.

हे त्रास मोजता येतात. कॅनडातील एडमंटन येथे 1991 साली तयार झालेल्या तक्त्यात वेदना, थकवा, मळमळ, भूक इत्यादींना रुग्ण स्वतः शून्य ते दहा गुण देतो. आशा कार्यकर्तीलाही तो भरून घेता येईल. रोग पसरलेल्या व औषधोपचार घेणाऱ्या रुग्णांनी आपले त्रास नियमित कळविले तेव्हा त्यांचे आयुर्मान सुमारे 26 महिन्यांवरून 31 महिन्यांवर गेले, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात आढळले. तो अभ्यास किरणोपचारांचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे; तरी विचारणा केल्याने फरक पडतो, एवढे त्यातून दिसते.

आता अर्थकारण. 2013 पासून राज्यभर लागू झालेल्या आणि आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. पण रोजचे एस.टी.चे भाडे, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, दूध-अंडी ह्यांचे काय? 1948 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार राज्य विमा योजनेत कर्करोग झालेल्या पात्र कामगारास दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या 80 टक्के भत्ता मिळू शकतो. घरी बसून कड्या जोडणाऱ्या बाईला तोच रोग झाला, तर भत्ता शून्य! रोग एक, कष्ट तेच. फरक फक्त हजेरीपटाचा.

तेव्हा मागणी नेमकी करावी: उपचाराचे आठवडे आणि त्यानंतरचा एक महिना, एवढ्या काळाची मजुरी भरून द्या. वेदनेसाठी मॉर्फिन तालुक्याला मिळाले पाहिजे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातील अडथळे 2014 च्या दुरुस्तीने कमी केलेले आहेत. आणि शेवटच्या बैठकीनंतर दहाव्या दिवशी त्या घरी कोण जाणार, हे कार्यकर्त्यांनी आपल्या वाडी-गल्लीपुरते आजच ठरवावे.