साचा मोडणारी कार्यशाळा



उतई हे गाव भिलाईच्या शेजारी आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तेव्हापासून या परिसरात धातू म्हटले की कारखानाच डोळ्यांपुढे येतो. परंतु याच छत्तीसगडात, दक्षिणेकडे बस्तरमधील कोंडागाव येथे, घराच्या अंगणात मावेल एवढ्या भट्टीवर पितळ वितळविण्याची फार जुनी रीत आजही चालू आहे. तेथील कारागिरांना घडवा म्हणतात. या नावाचा अर्थ मराठी माणसास वेगळा सांगावा लागत नाही.

प्रथम मातीत भाताचे तूस मिसळून मूर्तीचा गाभा तयार करतात. तो वाळला की त्यावर मेणाचे बारीक दोरे एकमेकांस लगटून गुंडाळले जातात. डोळे, दागिने, घोड्याचा लगाम, सारे काही या दोऱ्यांतूनच साकारते. मेणावर आधी मऊ, गाळीव मातीचा व नंतर वारुळाच्या जाड मातीचा लेप बसतो. भट्टीच्या उष्णतेने मेण वितळून जाते आणि त्याने सोडलेल्या पोकळीत पितळेचा रस उतरतो. साचा निवला की तो फोडतात आणि आतली मूर्ती बाहेर काढतात. मोहेंजोदडोची सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची नर्तकी याच तत्त्वाने ओतलेली आहे.

येथे साचा एकदाच उपयोगी पडतो, म्हणून एका मूर्तीसारखी हुबेहूब दुसरी मूर्ती निघत नाही. भट्टीत साचा तडकला, तर कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात आणि पुन्हा गाभ्यापासून आरंभ करावा लागतो. कारागिराजवळ कायमचे उरते ते केवळ हाताला झालेले वळण. ही विद्या कागदावर उतरत नाही. माती चाळणे, मेण ओढणे, लेप देणे, ओतलेली मूर्ती घासणे या कामांत घरातील स्त्रिया आणि मुलेही असतात. मुलाला कोणी वेगळा धडा देत नाही. मोठ्यांशेजारी बसल्या बसल्या मेण किती मऊ हवे, हे त्याची बोटे शिकतात. कार्यशाळा आणि घर यांमध्ये येथे भिंत नाही.

कोंडागावचे जयदेव बघेल यांनी ही कला देशाबाहेर पोहोचविली. २०१४ साली त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी, २००८ साली, ‘बस्तर ढोकरा’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्ही गोष्टी गौरवाच्या आहेत. मात्र सन्मान एका व्यक्तीच्या नावे होतो, मानांकन एका प्रदेशाच्या नावे होते. ज्या घराने मिळून मूर्ती घडविली, त्या घराचे नाव कोठेच येत नाही. मेण ओढणाऱ्या हातांना मोबदला कमी पडला आणि मुलांनी दुसरी वाट धरली, तर मानांकन कागदावर शाबूत राहील आणि विद्या मात्र नाहीशी होईल. कारखान्याची भट्टी विझली, तर ती आराखडा पाहून पुन्हा पेटविता येते. या भट्टीचा आराखडा माणसांच्या बोटांत आहे.

म्हणून अशी मूर्ती घरी आणणाऱ्याने तिची किंमत ठरविताना पितळेचे वजन तेवढे पाहू नये. ती साकारताना किती हात झिजले, हेही विचारावे.