मोडण्यापूर्वी ओळखण्याची विद्या

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार मजपाशी नाही. परंतु मुलांना शिकविताना माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे मांडावी व तिच्यातून आपल्या मुलांसाठी काही चांगले निष्पन्न व्हावे, एवढ्याचसाठी मी उभा आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी ओहोटीची वेळ साधून मी वर्गाची सहल अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात नेली होती. तटाच्या शिळा चुना न घालता एकावर एक रचलेल्या आहेत, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते, तिचा जोर विभागला जातो आणि तट टिकतो, असे मी मुलांना सांगितले. तेव्हा आपल्याच ज्ञातीतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, केवढी लाट आली म्हणजे ही शिळा हलेल? ते आधी काढता येईल का?" मला उत्तर येत नव्हते. ते कबूल करावयाचे सोडून, "परीक्षेत हे विचारीत नाहीत," असे म्हणून मी त्यास गप्प बसविले. पुढे त्याचे वडील सल्ला विचारावयास आले, तेव्हा लवकर चार पैसे हाती येतील असे काही शिकवा, असेही मीच सांगितले. मुलगा गणितात तल्लख होता. आज तो कष्टाने संसार चालवितो. त्याची मजविषयी तक्रार नाही. तक्रार माझीच मजविषयी आहे. कारण त्याचा प्रश्न हाच एका मोठ्या शास्त्राचा आरंभ आहे, हे मला फार उशिरा कळले.

त्या शास्त्रास यामिकी म्हणतात. वस्तूवर बल पडले असता ती किती वाकेल, किती ताणली जाईल आणि कोठे मोडेल, याचा ते विचार करते. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने भिंतीत रोवलेली तुळई किती भार सोसेल, हाच प्रश्न घेतला होता. त्याचे उत्तर पूर्णपणे बरोबर नव्हते, परंतु प्रश्न अचूक होता. साध्या तुळईचे गणित कागदावर सुटते. पूल, जहाज किंवा विमानाचा पंख यांचे तसे सुटत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजिली. त्या वस्तूचे मनाने हजारो लहान तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यास किती ओढतो वा ढकलतो याची समीकरणे मांडावयाची आणि ती सारी संगणकाकडून एकत्र सोडवून घ्यावयाची. अमेरिकेतील रे क्लफ यांनी १९६० साली या रीतीस 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. तिच्या साहाय्याने पूल बांधण्यापूर्वीच त्याचे गणिती प्रतिरूप मोडून पाहता येते.

हे दूरचे वाटत असेल, तर आपल्या किनाऱ्यावरील घरांकडे पाहावे. स्लॅबचे पोपडे सुटून आतील सळया उघड्या पडतात. खाऱ्या हवेतील मीठ काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपते. ते सळईपर्यंत पोचले आणि ओल व हवा मिळाली, की लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते. मीठ किती वर्षांत किती खोल जाईल, सळईवर काँक्रीटचा थर किती जाड असावा, हेही प्रतिरूपाने अजमावता येते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याच्या २१.८ किलोमीटर लांबीपैकी सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर आहे. अशा बांधकामास मिठाचा हा हिशेब चुकवून चालत नाही.

आणि या विद्येची गरज काय, हे महाडकडील मंडळींना सांगावयास नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने माणसांसह प्रवाहात गेली. ५ जून २०१७ रोजी नवा पूल खुला झाला. गेलेली माणसे मात्र परतली नाहीत. जुन्या बांधकामाच्या अंगी किती बळ उरले आहे, हे नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. ते ओळखणारी माणसे घडवावी लागतात.

ती आपल्या घरांतून का घडू नयेत? लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. अभियांत्रिकीची पदवी, नंतर 'गेट' परीक्षा, मग पवईच्या आय.आय.टी.सारख्या संस्थेत पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी., असा हा मार्ग आहे. पुढे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व मोटारींची चाचणी करणारी ए.आर.ए.आय., तसेच १९९१ साली 'परम' महासंगणक घडविणारी सी-डॅक, अशा संस्थांत या विद्येस वाव आहे. कारखान्यांतही मोटार वा यंत्रभाग घडविण्यापूर्वी संगणकावर तपासणारे अभियंते लागतात. मुलींनाही ही वाट तितकीच मोकळी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, एक मात्र ध्यानी असू द्या. संगणकाची कळ दाबता येणे म्हणजे विद्या नव्हे. चुकीचा आकडा घातला, तर तो चुकीचे उत्तरही तेवढ्याच ऐटीत देतो. म्हणून गणित व पदार्थविज्ञान पक्के करा, आणि प्रतिरूपाने सांगितलेले प्रयोगशाळेत ताडून पाहावयास शिका.

पालकांनाही माझी विनंती आहे. या मार्गात पदवीनंतर आणखी सहा-सात वर्षे जातात. त्या काळात मूल अगदीच रिकाम्या हाताने राहते असे नाही. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. परंतु तेथवर पोचेपर्यंतच घरची ओढाताण होते आणि हुशार मूल मिळेल त्या नोकरीस लागते. आपण दहावी-बारावीच्या गुणांवर पेले व शाली देतो, ते योग्यच आहे. त्यातील काही रक्कम बाजूस काढून पदवीनंतर पुढे शिकणाऱ्या एका तरी विद्यार्थ्यास दरवर्षी आधार द्यावा, अशी माझी मंडळास नम्र सूचना आहे. माझ्या निवृत्तिवेतनातून या निधीची पहिली देणगी मी आजच चिटणिसांच्या हाती देत आहे.

त्या मुलास मी उत्तर देऊ शकलो नाही. त्याची मुलगी यंदा बारावीस आहे आणि आज या सभेत बसली आहे. तिने प्रश्न विचारला, तर तिला कोणी गप्प बसवू नये, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.